मोटारीचा डबा: बंद बरा की उघडा?

केळीबाग_सावदा
राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक आहे. पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

सावद्याजवळ आमची नऊ एकर केळी आहे, सगळी ठिबकवर. चार वर्षांपूर्वी विहिरीवरच्या मोटारीला मोबाईलवर चालणारा कंट्रोलर बसवला. घरात त्याला सगळे 'डबा' म्हणतात. आत सिम घालायचं, ॲपमध्ये वेळा लावायच्या. त्या सिमच्या नंबरवर पासवर्डसकट एसएमएस टाकला तरी मोटार चालू-बंद होते. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते आणि ठरलेल्या मिनिटांनी एकेक व्हॉल्व्ह उघडतो. थ्री फेज रात्री दोनला आली की साप-विंचू चुकवत शेतात पळावं लागायचं, ते थांबलं. त्याबद्दल डब्याचे उपकारच.

आता दोन भानगडी झाल्यात. एक, डबा बनवणारी कंपनी गुंडाळली. ॲप उघडतं, गोल गोल फिरतं आणि बंद पडतं. शेवटच्या लावलेल्या वेळा डब्यात तशाच अडकल्यात. पावसाळी वातावरणाच्या हिशेबाने लावलेलं पाणी भर मे महिन्यात तेवढंच सुटतंय. दोन, गेल्या महिन्यात मध्यरात्री मोटार आपोआप सुरू झाली, व्हॉल्व्ह सगळे बंद. मेन लाइनचा जोड निखळला, सकाळी बांधावर तळं. डब्याने मेसेज टाकला होता: 'मोटार सुरू, एसएमएसवरून', पुढे एक नंबर. तो नंबर आमच्यातल्या कोणाचाच नाही. पासवर्ड काय, तर कारखान्यातून आला तोच, १२३४. बदलायचा असतो हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

भाचा जळगावला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणतो, हा डबा फेकून द्या, मी ईएसपी३२ नावाच्या छोट्या वायफाय बोर्डावर ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं) फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, टाकून नवा करून देतो. डीलर म्हणतो, "भाऊ, त्या ओपन सोर्सचा कोड अख्ख्या जगाला दिसतो. चोरालाही दिसतो. आमचा कोणालाच दिसत नाही, म्हणून सेफ." ऐकायला पटतं. भाचा म्हणतो, "मामा, कोणालाच दिसत नाही हीच तर गोची आहे." तेही पटतं. वडील म्हणतात, "तुमचे दोन्ही डबे ऱ्हाऊ द्या, मले बॅटरी द्या."

जाणकारांनी सांगावं, खरं कोणाचं?

वांग्याचं_भरीत
चार वर्षं १२३४! घराचं दार सताड उघडं आणि चर्चा कुलूप कोणत्या कंपनीचं घ्यावं याची. (हलके घ्या.)

तापीकाठचा_मास्तर
डीलरचा मुद्दा फार जुना आहे आणि त्याचं उत्तरही तितकंच जुनं आहे. ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाचा भाषेचा प्राध्यापक होता. जन्माने डच, पॅरिसात जर्मन शिकवायचा. लष्करी सांकेतिक लेखनावर लिहिताना १८८३ मध्ये त्याने म्हटलं की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी अडचण होता कामा नये. गुपित असावं ते फक्त किल्लीत. आपल्या सराफ बाजाराचंच बघा ना. तिजोरी कशी बनते हे ती बनवणाऱ्या प्रत्येक कामगाराला माहीत असतं. म्हणून सराफ तिजोरी घ्यायचं सोडत नाहीत, किल्ली कंबरेला लावतात.

आणि 'कोणालाच दिसत नाही' हे तरी कुठे खरं असतं? बस-मेट्रोच्या तिकिटात आणि ऑफिसच्या दारांवर चालणारी मायफेअर क्लासिक नावाची कार्डं होती. आतली सांकेतिक पद्धत कंपनीने गुपित ठेवली होती. २००७ च्या डिसेंबरात बर्लिनच्या एका परिषदेत दोन संशोधकांनी दाखवलं की त्यांनी ती चिप थराथराने घासली, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले आणि सर्किट चक्क डोळ्यांनी वाचून काढलं. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठातल्या मंडळींनी पद्धत पूर्ण मोडली. कंपनी निबंध थांबवायला न्यायालयात गेली, न्यायालयाने ऐकलं नाही. बाहेर आल्यावर काय दिसलं? किल्ली जेमतेम ४८ बिटांची. चार तज्ज्ञांना आधी दाखवली असती तर त्यांनी तिथेच कान उपटले असते.

अहिराणी_पोऱ्या
मास्तर, भाऊनी मोटार चालू व्हयनी रातले, आन तुम्हीन चालनात पॅरिसले!

धुळे_सर्व्हर
मास्तरांशी अर्धीच सहमत. मी गेली चौदा वर्षं सर्व्हर सांभाळते, त्यातले बहुतेक लिनक्सचे. त्यामुळे ओपन सोर्सची मी काही शत्रू नाही. पण 'हजार डोळे बघतात म्हणून चुका राहत नाहीत' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं दुखतं.

हार्टब्लीड आठवतंय का? एप्रिल २०१४. ओपनएसएसएल नावाची लायब्ररी (म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड), कोड सगळ्यांना मोकळा, आणि इंटरनेटवरची कुलपं मोठ्या प्रमाणात तिच्यावर चाललेली. चूक अशी होती: शेजारणीकडे वाटीभर साखर ठेवायला द्यायची आणि परत मागताना म्हणायचं, 'पातेलंभर ठेवली होती.' शेजारीण न मोजता पातेलं भरून देते. आपली वाटीभर साखर, वर तिच्या डब्यातली साखर, मीठ, आणि डब्यात लपवलेली कपाटाची किल्लीसुद्धा. सर्व्हर असाच एका दमात ६४ केबीपर्यंत स्वतःच्या मेमरीतलं काहीही ओतून द्यायचा. ती चूक २०१२ च्या मार्चमधल्या आवृत्तीपासून होती. दोन वर्षं अख्ख्या जगासमोर उघडी पडलेली, आणि कोणी बघितलं नाही. कारण प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा बघत असेल. तेव्हा त्या प्रकल्पावर पूर्णवेळ काम करणारा माणूस जवळपास एकच होता.

कोड दिसणं आणि कोणीतरी तो बघणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गावात वाचनालय आहे म्हणून गाव वाचतं असं होत नाही.

त्या एप्रिलमध्ये मी तीन रात्री ऑफिसात काढल्या, एकामागून एक सर्टिफिकेटं (वेबसाइटची ओळख पटवणारी) बदलत. त्यामुळे जरा जास्त बोलले.

सोल्डरकाका_भुसावळ
आता जरा डबा उघडून बोलतो. भुसावळला माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. मोटारीचे स्टार्टर, इन्व्हर्टर, टीव्ही, जे येईल ते. गेल्या तीन-चार वर्षांत असले डबे बरेच आलेत. लाइटच्या झटक्याने रिले (मोटार चालू-बंद करणारा आतला स्विच) चिकटतो किंवा पॉवर सप्लायचा कॅपॅसिटर फुगतो, बस. दुरुस्ती दीडशे रुपयांची, त्यातले शंभर बोलायचे.

एका हंगामात निरनिराळ्या नावांचे पाच डबे टेबलावर आले. रंग वेगळे, स्टिकर वेगळे, किमतीत दुपटीचा फरक. उघडले तर पाचांत एकच बोर्ड. एक छोटा मायक्रोकंट्रोलर, एक जीएसएम मॉडेम, दोन रिले. बोर्डाच्या कडेला चार पिनांची जागा रिकामी. डबा तपासायला कारखान्यात वायरी जोडतात ती ही जागा, असा अंदाज होताच. ग्राउंड शोधला, तीन वायरी सोल्डर केल्या, १,१५,२०० बॉडच्या वेगावर लॅपटॉप लावला. डबा सुरू होताच स्वतःची सगळी कुंडली वाचायला लागला: सर्व्हरचा पत्ता, सिमचा नंबर, नोंदवलेले मोबाईल नंबर, पासवर्ड. मी विचारलंही नव्हतं.

मग हौस म्हणून चिपमधलं फर्मवेअर बाहेर काढलं. वाचू नये म्हणून चिपला एक सेटिंग असतं, ते कोणी लावलेलंच नव्हतं. त्या फाइलीतली नुसती अक्षरं गाळून बघितली, प्रोग्रॅमिंग येण्याचीसुद्धा गरज पडली नाही. त्यात १२३४ होताच. त्याशिवाय आणखी एक पासवर्ड होता, कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांसाठीचा. पाचही डब्यांत तोच. तुम्ही तुमचा पासवर्ड हजार वेळा बदला, हा दुसरा चालतोच. दुकानातल्या मोटारीवर करून बघितलं, चालतो.

म्हणजे डीलर म्हणतो तो 'कोणालाच न दिसणारा' कोड भुसावळच्या एका रिपेअरिंगवाल्याला दुपारच्या चहापर्यंत दिसला. दिसला नाही तो फक्त ज्याने पैसे मोजले त्या शेतकऱ्याला.

केळीबाग, एक विचारतो. तुमच्या डब्याच्या दारावर डीलरने सिमचा नंबर मार्करने लिहून ठेवलाय का?

केळीबाग_सावदा
काका, आत्ता फोटो काढून मोठा करून बघितला. हो. निळ्या मार्करने. हातभर अक्षरात.

वांग्याचं_भरीत
मग हॅकर रशियाचा नाही, बांधावरचा आहे.

अहिराणी_पोऱ्या
काका, तो दुसरा पासवर्ड कोनता शे? मन्हा मित्र इचारी ऱ्हायना.

सोल्डरकाका_भुसावळ
तुझ्या मित्राला सांग, काकांना वय झाल्यामुळे आठवत नाही.

पण खरी अडचण हीच आहे. मला कळलं, आता सांगू कोणाला? पाचांतल्या दोन डब्यांवर जो कस्टमर केअरचा नंबर आहे तो लागत नाही.

तापीकाठचा_मास्तर
काका, सर्ट-इनला कळवा. अशा त्रुटींची माहिती घेणारी ती केंद्र सरकारची संस्था आहे. कंपनी जिवंत असो वा नसो, नोंद तरी होईल. मजकूर लिहायला मदत हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पुणेकर_मूळचा_चोपडा
मी पुण्यात याच धंद्यात आहे, छोट्या उपकरणांचं फर्मवेअर लिहितो. काकांनी जे पाहिलं ते वाचून मान खाली गेली, कारण सर्व्हिस पासवर्ड आत ठेवा असं मलाही एकदा वरून सांगितलं गेलं होतं. (ठेवला नाही. प्रोजेक्ट बदलून मिळालं.)

भाच्याच्या बाजूने बोलण्याआधी 'ओपन' या शब्दाला थोडं खरवडून बघू. ईएसपी३२ वर ओपन फर्मवेअर टाकलं तरी त्यातला वायफायचा भाग कंपनी तयार बायनरी (यंत्रालाच वाचता येणारी फाइल) म्हणूनच देते, त्याचा कोड मिळत नाही. चिपच्या आतला आराखडा तर नाहीच नाही. लॅपटॉपचंही तेच. तुम्ही वर लिनक्स टाका, पण इंटेलच्या चिपसेटमध्ये मॅनेजमेंट इंजिन म्हणून एक छोटा स्वतंत्र संगणक असतो, त्याचं फर्मवेअर बंद. २०१७ मध्ये कळलं की त्याच्या नव्या आवृत्त्यांत मिनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम चालते. मिनिक्स स्वतः ओपन सोर्स, बरं का! आणि त्याच वर्षी त्यावरच्या दूरनियंत्रणाच्या सोयीत अशी चूक सापडली की पासवर्डच्या जागी रिकामं उत्तर पाठवलं तरी दार उघडायचं. केळीबागांच्या १२३४ ला निदान चार आकडे होते.

उलट बाजूचंही सांगतो. २९ मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनिअर, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. त्याला दिसलं की चाचणीच्या लिनक्स मशीनवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केलं असतं. हा खणत गेला आणि एक्सझेड नावाच्या फाइल दाबून लहान करणाऱ्या साध्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. ती सांभाळणारा माणूस एकटा आणि थकलेला. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी दोन-अडीच वर्षं गोड बोलून मदत करत करत त्याचा विश्वास मिळवला आणि किल्ल्या हातात घेतल्या. तो माणूस खरा कोण, ते आजही जाहीर नाही.

यात एक बारकावा फार महत्त्वाचा. कोड जिथे सगळे बघतात त्या भांडारात चोरदरवाजा चालू करणारा तुकडा नव्हता. तो होता प्रसिद्धीसाठी बांधलेल्या गाठोड्यात.

केळीबाग_सावदा
हे मला बरोबर कळलं. घड बागेत बघून व्यापाऱ्याने पास केला आणि खोक्यात भरताना माल बदलला.

पुणेकर_मूळचा_चोपडा
अगदी तेच. मी उगाच पॅकेजिंगवर चार परिच्छेद लिहायच्या तयारीत होतो.

धुळे_सर्व्हर
एक्सझेडचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. अर्ध्या सेकंदाने वाचलो. एक माणूस चिकट निघाला म्हणून वाचलो. याला व्यवस्था म्हणत नाहीत, नशीब म्हणतात.

सोल्डरकाका_भुसावळ
ताई, अर्धा सेकंद दिसणं हे नशीब, कबूल. पण दिसल्यावर तो माणूस खणू शकला, कारण खणायला जमीन मोकळी होती. बंद मालात तो अर्धा सेकंद मला दिसला असता तर मी काय केलं असतं? कस्टमर केअरला फोन. त्यांनी सांगितलं असतं, एकदा बंद करून चालू करा.

धुळे_सर्व्हर
हा मुद्दा मान्य. पूर्ण मान्य. (आणि ते एकदा बंद करून चालू करा मीही रोज सांगते.)

मिरचीपथारी_नंदुरबार
माझा प्रश्न थोडा अवांतर आहे. आमच्या पथारीवर मिरची वाळत असते तेव्हा रात्री लक्ष ठेवायला सहा कॅमेरे लावायचे आहेत. दुकानदार म्हणतो, नव्या सरकारी नियमामुळे स्वस्तातले मॉडेल बंद झाले, आता जास्त पैसे पडतील. कोड तपासतात वगैरे म्हणाला. थापा मारतोय का?

तापीकाठचा_मास्तर
थापा नाहीत. एप्रिल २०२५ पासून इंटरनेटला जोडता येणाऱ्या सीसीटीव्हीसाठी तसा नियम लागू आहे. हार्डवेअर, सॉफ्टवेअर आणि सोर्स कोड सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासायला द्यावा लागतो. आणि हा या धाग्याला अवांतर अजिबात नाही, तिसरा रस्ताच आहे: कोड जगाला उघडा नाही, पण परीक्षकाला उघडा. भावाची घासाघीस मात्र तुमची तुम्ही करा.

पुणेकर_मूळचा_चोपडा
नियम का आला ते समजायला २०१६ चा मिराई नावाचा व्हायरस आठवा. जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर (त्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारी यंत्रं), राउटर यांवर कारखान्यातले ठरलेले साठेक पासवर्ड एकेक करून लावून बघायचं. लागला की ते यंत्र आपल्या फौजेत. ऑक्टोबरमध्ये त्याच फौजेने डाइन (Dyn) नावाच्या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट दिवसभर आचके देत होत्या. यात कोणी कोड वाचला नाही की चिप घासली नाही. नुसते १२३४ चे भाऊबंद. गंमत म्हणजे त्याआधी तीन आठवडे मिराईच्या कर्त्याने त्याचा कोड स्वतःच इंटरनेटवर टाकला होता. चोरांचं ओपन सोर्स!

पथारीवाले, कॅमेरे घ्या, पण पहिल्या दिवशी पासवर्ड बदला. बाहेरगावाहून बघायची गरज नसेल तर इंटरनेटला जोडूच नका.

मिरचीपथारी_नंदुरबार
धन्यवाद. जोडणार नाही. मी तसाही पथारीवरच झोपतो.

गिरणा_एक्सप्रेस
सगळं ठीक आहे, पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. ईव्हीएमचा कोड

[संपादित. या विषयावर तीन धागे आधीच आहेत, तिन्ही कुलूपबंद. इथे मोटार, डबा आणि कॅमेरा एवढंच. — संपादक]

वांग्याचं_भरीत
कुलूप ओपन सोर्स आहे का, संपादक?

मला विचाराल तर भरीत हे खरं ओपन सोर्स. कृती सगळ्यांना पाठ: वांगी काड्यांवर भाजा, बडगीत ठेचा, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. तरी पुण्यात ते लागत नाही. का? हार्डवेअर. वांगं बामणोदकडचं पाहिजे, आणि भाजायला कपाशीच्या काड्या. गॅसवर भाजलेलं भरीत म्हणजे नकली बोर्डावर असली फर्मवेअर.

पुणेकर_मूळचा_चोपडा
दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. पण तुमच्या भरितात खरंच मुद्दा आहे. रिस्क-फाइव्ह म्हणून प्रोसेसरचा मोकळा सूचनासंच (त्याला समजणाऱ्या आज्ञांची यादी) आहे, २०१० मध्ये बर्कलीत सुरू झालेला. आयआयटी मद्रासचे शक्ती प्रोसेसर त्यावरच आहेत, त्यांचे आराखडेही खुले. त्यातला एक चंदीगडजवळच्या सरकारी कारखान्यात बनवलाही गेला. पण आराखडा वाचता आला तरी हातातली चिप त्याच आराखड्याची आहे हे घरी बसून कसं ताडणार? सॉफ्टवेअर पुन्हा स्वतः बांधून जुळवून बघता येतं. चिप तशी बांधता येत नाही. कृती उघडी, पण वांगं कोणत्या वावरातलं हे वाढणाऱ्यालाच माहीत.

अहिराणी_पोऱ्या
आते मले भूक लागनी.

धुळे_सर्व्हर
केळीबाग, आता तुमच्या प्रश्नाकडे येते, कारण भरितानंतर कोणी येणार नाही.

एकदा एका संस्थेत काम करताना मला कोपऱ्यात धूळ खात पडलेलं एक मशीन दिसलं. विचारलं तर म्हणाले, 'त्याला हात लावू नका, त्यावर सगळा हिशेब चालतो.' लावून देणारा मुलगा हुशार होता, सगळं ओपन सोर्स, फुकट आणि झकास. तो हैदराबादला गेला. त्यानंतर सहा वर्षं एकही अपडेट नाही. पासवर्ड कोणाला माहीत नाही. कोड उघडा होता, पण उघडणारं कोणी नव्हतं. शेजारच्या टेबलावर क्रॅक मारलेलं विंडोज होतं, त्यालाही अपडेट नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्याच्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. दोन महिने. तरी आडवं पडलं, कारण क्रॅक निघून जाईल म्हणून अपडेट बंद ठेवलेले.

तुमची कंपनी बंद पडली म्हणून तुम्ही अडकलात ना? भाचा हीसुद्धा एक कंपनीच आहे, एका माणसाची. पुढच्या वर्षी त्याला पुण्यात नोकरी लागली आणि एप्रिलमध्ये, केळी निसवणीवर असताना, डबा बंद पडला तर? त्याच्याशिवाय तो डबा कोणाला उघडता येईल, हे त्याला आधी विचारा. उत्तर 'कोणालाही' असेल तर खुशाल करा.

केळीबाग_सावदा
ताई, विचारलं. तो म्हणाला, "सगळं लिहून ठेवतो, सर्किटसकट." मी म्हटलं, भुसावळच्या काकांना नुसत्या कागदावरून दुरुस्त करता आला पाहिजे. तो जरा रुसला, पण कामाला लागला. तोवर १२३४ बदललाय, सिम बदललंय, आणि दारावरचा नंबर थिनरने पुसलाय.

सोल्डरकाका_भुसावळ
कागद पाठवा. फी एक घड.

आणि पोराला सांगा, हाताने चालवायचा स्विच डब्याच्या बाहेर, वेगळा ठेवायचा. डबा मेला तरी मोटार चालली पाहिजे. ड्राय रनचं (विहिरीत पाणी नसताना मोटार कोरडी चालण्याचं) संरक्षण कोडात ठेवू नका, वेगळा रिले लावा. कोड चुकतो, वायंडिंग जळतं, आणि जळलेल्या वायंडिंगला ओपन सोर्स काय नि क्लोज्ड काय.

(तीन आठवड्यांनी)

केळीबाग_सावदा
धागा वर काढतोय. डबा झाला. परवापासून चालू आहे. बाहेरच्या कोणत्या सर्व्हरला विचारत नाही, वेळा आतच ठेवतो. खळ्यात वायफायचा राउटर आहे, त्याच्या टप्प्यात गेलं की फोनवर दिसतो. एसएमएसने फक्त बंद करता येतं, सुरू नाही. ही कल्पना आमच्या घरच्यांची: "कोणी फार तर पाणी तोडील, पाइप तरी फोडणार नाही." स्विच बाहेर, ड्राय रनचा रिले वेगळा, काकांच्या सांगण्याप्रमाणे. काकांनी कागद बघून दोन चुका काढल्या, एक घड पोहोचता केला आहे.

भाच्याने सगळा कोड गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) टाकलाय, कोणालाही घ्यायला मोकळा. दुवा त्याच्या परवानगीने खाली देतोय. हजार डोळे नकोत, इथले दहा पुरे.

पुणेकर_मूळचा_चोपडा
बघितला. पोरगा चांगलं लिहितो, मराठीत टिपा टाकल्यात, मजा आली. आता शांतपणे ऐका. वायफायच्या फाइलीत, एक्केचाळिसाव्या ओळीवर, तुमच्या खळ्याच्या राउटरचा पासवर्ड जसाच्या तसा आहे.

वांग्याचं_भरीत
दारावरचा नंबर थिनरने पुसला आणि गिटहबवर रंगवला!

केळीबाग_सावदा
भाच्याला फोन केला. त्याने ती ओळ लगेच काढली.

धुळे_सर्व्हर
काढून उपयोग नाही. जुन्या नोंदींत अजून दिसतोय, मी आत्ताच वाचला. राउटरवरचा पासवर्डच बदला. आणि नवा ठेवताना गावाचं नाव आणि पुढे १२३ असं नको, एवढंच सांगते, बाकी इथे बोलत नाही.

अहिराणी_पोऱ्या
गावनं नाव त धागामाच शे, ताई.

केळीबाग_सावदा
बदलला. तो वेगळ्या फाइलीत ठेवायचा आणि ती फाइल गिटहबवर चढवायचीच नाही, असं भाचा आता करून देतोय. नवा पासवर्ड फक्त वडिलांना माहीत आहे. त्यांनी स्वतःच टाइप केला, मला पाठ करून उभं राहायला लावलं. बॅटरी अजून उशाशीच असते त्यांच्या.

मिरचीपथारी_नंदुरबार
तो ड्राय रनचा रिले किती अँपिअरचा लावला? माझी साडेसातची सबमर्सिबल आहे.

सोल्डरकाका_भुसावळ
पॅनलचा फोटो टाका, मग सांगतो. मार्करने काही लिहिलं असेल तर आधी पुसा.